आकड्यांच्या आड

संकेतस्थळ चालविणाऱ्यापुढे रोज आकड्यांचा एक फलक येतो. त्याला डॅशबोर्ड म्हणतात. इतके लोक आले, पान उघडण्यास इतका वेळ लागला, असे तो सांगतो. आकडा दिसला की आपण लगेच विश्वास ठेवतो. परंतु तो मोजतो काय, हे आधी विचारावयास हवे. एकच गृहस्थ सकाळी फोनवरून आणि दुपारी कचेरीतील संगणकावरून आला, तर बहुधा दोन माणसे नोंदली जातात.

सरासरी तर याहून फसवी. नऊ जणांना पान १ सेकंदात दिसले आणि दहाव्यास २१ सेकंद ताटकळावे लागले, तर सरासरी ३ सेकंद येते. हा अनुभव मात्र दहांपैकी कोणाचाच नसतो! म्हणूनच गूगलने २०२० साली मांडलेल्या मापांत सरासरी धरीत नाहीत. शंभरांपैकी निदान ७५ भेटींत पानावरील मुख्य मजकूर वा चित्र २.५ सेकंदांत दिसावे, असा त्यांतील एक दंडक आहे.

तरीही २५ उरतातच. जुन्या फोनवरून अर्ज भरू पाहणारा विद्यार्थी बहुधा त्यांतच सापडेल. पान उघडण्यापूर्वीच तो कंटाळून परतला, तर पुष्कळदा त्याची नोंदही होत नाही. फलक वाचताना आपण त्याची आठवण ठेवली पाहिजे.