स्नेक प्लांट: पाणी कमी, लक्ष थोडं



बऱ्याच जणींच्या घरात आता स्नेक प्लांट दिसतं. उभी, जाड पानं आणि कडेला पिवळी पट्टी. "हे मरतच नाही" म्हणून नर्सरीवाला देतो, आणि पावसाळ्यात तेच सडतं. गावभेटीत बैठकीनंतर मला हा प्रश्न बऱ्याचदा येतो. ताई, हे रोप तहानेनं फारसं मरत नाही, जास्त पाण्यानं मरतं.

असं का? हे रोप मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. पानांत आणि मातीखालच्या जाड खोडात ते पाणी साठवतं. बहुतेक झाडं पानांची बारीक छिद्रं दिवसा उघडतात, हे रात्री उघडतं. त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. अशा रोपाला रोज पाणी घातलं तर मुळं कुजणारच.

पाणी: बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर पाणी नको. उन्हाळ्यात साधारण १० ते १५ दिवसांनी आणि थंडीत महिन्यातून एकदा पुरतं. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नका.

कुंडी आणि माती: तेलाचा रिकामा डबाही चालतो, पण बुडाला ४-५ भोकं हवीतच. दोन भाग माती, एक भाग जाड रेती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात रेती जास्त घाला.

जागा: खिडकीजवळ उत्तम. अंधाऱ्या कोपऱ्यात ते तग धरतं, पण वाढत नाही.

पान बुडाशी मऊ, पिवळं पडलं तर रोप काढा, कुजलेला भाग कापा, दोन दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या मातीत लावा. पानावर सुरकुत्या पडल्या, तर मात्र माती तपासा. ती कोरडी असेल तरच पाणी घाला.

विक्रीसाठी रोपं करायची असतील, तर बाजूचे फुटवे मुळांसकट वेगळे करा. पानाच्या तुकड्यापासूनही रोप होतं, पण वेळ लागतो आणि पिवळी कड जाऊन साधं हिरवं रोप येतं. पिवळी कड सांगून हिरवं रोप दिलं, तर गिऱ्हाईक परत येणार नाही.

आणखी एक. "रात्रभर ऑक्सिजन देतं, हवा शुद्ध करतं" असं सांगून हे रोप महाग विकतात. नासाचा १९८९ चा अभ्यास बंद पेटीत केलेला होता. आपल्या घरात दारं-खिडक्यांतून हवा सतत ये-जा करते, तिथे एक-दोन कुंड्यांनी फरक पडत नाही. चुलीचा धूर रोपानं जात नाही, त्याला खिडकी, धुराडं किंवा गॅसच हवा. आपल्या स्टॉलवरही असा दावा करू नका. "दिसायला छान, सांभाळायला सोपं" एवढं खरं सांगितलं तरी रोप विकलं जातं.

पान चावलं तर उलटी, पोटदुखी होऊ शकते. रांगतं बाळ, मांजर, शेळी यांच्या तोंडाला लागणार नाही, अशा उंचीवर कुंडी ठेवा.

ज्यांच्याकडे फुटवे जास्त झालेत, त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला आणावेत. ज्यांच्याकडे रोप नाही, त्यांनी रिकामा डबा भोकं पाडून आणावा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक