पाऊणशे परत आण

चौथी-पाचवीतल्या मुलाच्या हातात दोनशेची नोट द्या आणि सांगा, "सव्वाशेचं सामान होईल, पाऊणशे परत आण." बरीच मुले उंबऱ्यावरच थांबतात. "पाऊणशे म्हणजे किती?" पंच्याहत्तर म्हटले तरी काहींच्या चेहऱ्यावर शंका राहते. 'सेव्हंटी फाइव्ह' म्हटल्यावर मात्र लगेच कळते. पुढे दुकानदार कन्नड बोलणारा निघाला तर तो म्हणणार, "एप्पत्तैदु." एकाच रकमेची चार नावे, आणि आपल्या हिंडलग्यातल्या मुलाला त्यातले एकच नक्की येत असते.

मुलांना पैशाची ओळख करून द्यायची म्हटले की आपण बचतीपासून सुरुवात करतो. गल्ला आणून देतो, उधळपट्टीवर चार शब्द सुनावतो. पण त्याआधीची पायरी अलीकडे निसटते आहे. नोट कशी दिसते, तिच्यावर काय लिहिले आहे, रक्कम बोलायची कशी, सुट्टे मोजून घ्यायचे कसे, हे पूर्वी कुणी मुद्दाम शिकवत नव्हते. आजी कनवटीचे पैसे मोजायची, आई भाजीवालीशी घासाघीस करायची, कंडक्टर तिकिटाच्या मागे राहिलेले पैसे लिहून द्यायचा. मूल शेजारी उभे राहून हे सगळे बघायचे.

आता चहाच्या टपरीपासून भाजीच्या पाटीपर्यंत सगळीकडे स्कॅनर आहे. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले, म्हणजे आज प्राथमिक शाळेत असलेल्या मुलांनी त्याच्याआधीचा बाजार पाहिलेलाच नाही. बसमध्येही तेच. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू आहे, त्यामुळे साध्या बसमधून आई आणि ताईचा प्रवास फुकट. तिकीट मिळते, पण शून्य रुपयांचे. घरखर्चाला त्याचा आधार झाला, याबद्दल तक्रार नाही. पण बेळगावला जायला किती पैसे पडतात, असे सात वर्षांच्या मुलीला विचारले तर ती 'शून्य' म्हणेल आणि तिचे उत्तर बरोबर असेल!

म्हणून एका संध्याकाळी घरात असतील त्या सगळ्या नोटा जमिनीवर मांडा. दहाची चॉकलेटी नोट सर्वांत लहान, १२३ मिलिमीटर लांब. वीसची १२९, पन्नासची १३५, शंभरची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. रक्कम वाढते तशी लांबी वाढते. मुलांना पट्टीने मोजू द्या. दिसत नसलेल्या माणसालाही नोट ओळखता यावी, हा यामागचा एक हेतू आहे. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांवर त्यासाठी हाताला लागणाऱ्या खुणा आहेत. शंभरवर त्रिकोण, दोनशेवर इंग्रजी 'एच' अक्षर, पाचशेवर गोल. कडेलाही उठावाच्या तिरप्या रेषा आहेत, शंभरला चार आणि पाचशेला पाच. दोनशेलाही चारच आहेत, पण त्यांच्यामध्ये दोन छोटी वर्तुळे आहेत. डोळ्यांवर रुमाल बांधून नोट ओळखायचा खेळ मुलांना फार आवडतो. नोट कोरी असली तर जमते. वापरून मऊ पडलेल्या नोटेवर मोठ्यांचीही फजिती होते.

मग नोटा उलट्या करा. दहावर कोणार्कचे सूर्यमंदिर, शंभरवर गुजरातेतली राणीची वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. मधल्या दोन नोटा मात्र सीमाभागातल्या मुलांनी जरा निरखून पाहाव्यात. वीसच्या पिवळसर हिरव्या नोटेवर वेरूळ आहे आणि पन्नासच्या निळ्या नोटेवर हंपीचा दगडी रथ. एक महाराष्ट्रातले, एक कर्नाटकातले. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले, आठव्या शतकातले मानतात, आणि राष्ट्रकूटांच्या राज्यात आजचा मराठी मुलूखही होता आणि कन्नड मुलूखही. हिंडलग्यातल्या पोराच्या खिशात वीस आणि पन्नासची नोट एकत्र असली तर सत्तर रुपयांत दोन्ही राज्ये आली.

नोटा छापणारे छापखानेही असेच दोन्हीकडे आहेत. देशात असे चार छापखाने आहेत. नाशिक रोडचा १९२८ पासून चालू आहे, दुसरा मध्य प्रदेशात देवासला, तिसरा आपल्या म्हैसूरला आणि चौथा पश्चिम बंगालमध्ये सालबोनीला. नाणी निराळ्या ठिकाणी पाडतात आणि ती कुठे पाडली हे नाण्यावरच दिसते. सालाच्या आकड्याखाली बारीक खूण शोधायची. चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. चिल्लरीचा डबा उपडा करून मुलांना बसवा, तासभर आवाज येणार नाही. त्यात वीस रुपयांचे बारा कोनांचे नाणे सापडले तर ते दहाच्या नाण्याशेजारी ठेवून दाखवा. दहाचे बाहेरून पिवळे, आत पांढरे. वीसचे बाहेरून पांढरे, आत पिवळे. दहाचे नाणे चालत नाही असे कुणी दुकानात सांगितले तर मुलाने न घाबरता 'चालतं' म्हणावे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते की तोपर्यंत निघालेली दहाची चौदाही प्रकारची नाणी वैध आहेत.

आता नोटेच्या मागच्या बाजूची भाषांची पट्टी. तिथे पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. हिंदी आणि इंग्रजी पुढच्या बाजूला ठळक, म्हणजे एकूण सतरा. मागचा क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या अक्षरांप्रमाणे लावलेला आहे. आसामी पहिली, उर्दू शेवटची. कन्नड वरून चौथी, मराठी आठवी. कुणाचा मान मोठा म्हणून कुणी वर नाही, हे मुलांना जरूर सांगा, कारण हा प्रश्न ती विचारतातच. पट्टीत देवनागरीतल्या ओळी चार आहेत – कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत. त्यातली आपली कोणती ते मुलांना शोधू द्या. शंभरच्या नोटेवर कोकणीत 'शंबर रुपया' आहे आणि मराठीत 'शंभर रुपये'. घाईत वाचणारी मुले हमखास कोकणीवर बोट ठेवतात.

आपल्या घरात जे छापील सरकारी कागद येतात, वीजबिलापासून उताऱ्यापर्यंत, त्यात मराठी आणि कन्नड शेजारी नांदताना किती वेळा दिसतात? १ जूनला हुतात्मा स्मारकापाशी जमणाऱ्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. नोटेवर मात्र दोन्ही भाषा आहेत, अवघ्या काही मिलिमीटर अंतरावर. इंग्रजी शाळेत जाणारे आणि मराठी वाचायचा कंटाळा करणारे मूलसुद्धा नोटेवरची ती ओळ वाचते, कारण ते पैसे असतात! वाचनाची सुरुवात तिथून झाली तरी चालेल.

ओळ वाचता आली की रक्कम बोलायला शिकवायची, आणि खरी अडचण इथे आहे. मराठीतले आकडे अवघड आहेत हे मान्यच करायला हवे. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस'बरोबर 'वीस दोन' असेही दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या प्रमुख होत्या. बाजू कुणाचीही घ्या, पण आपल्या मुलांना ती दुसरी पद्धत नवी नाही, ती रोज कानावर पडते. कन्नडमध्ये त्रेसष्ट म्हणजे 'अरवत्तमूरु', म्हणजे साठ आणि तीन. आधी दशक, मग एकक. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतात, साठ नंतर. ज्या मुलाला पन्नासच्या पुढे गोंधळ होतो, त्याला दोन्ही भाषा शेजारी ठेवून दाखवा. पन्नास-ऐवत्तु, साठ-अरवत्तु, सत्तर-एप्पत्तु. मग 'त्रे' म्हणजे तीन आणि 'पंच्या' म्हणजे पाच, हे त्याच्या आपणच ध्यानात येते. शेजारची भाषा येत असल्याचा हा उघड फायदा आहे आणि तो सोडून देण्यात काही शहाणपण नाही.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही मराठीची खास मिळकत. जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी असे पाढेच पाठ असत. ते पाढे परत आणा असा आग्रह कुणी धरू नये, धरला तरी कुणी ऐकणार नाही. पण सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे हे चार शब्द बाजारात रोज लागतात. पुस्तकातून ते नीट बसत नाहीत. शंभरची एक नोट, पन्नासची एक आणि वीस-पाचची मोड समोर ठेवून बसतात. शंभरवर पन्नास ठेवले, दीडशे. त्यावर वीस आणि पाच ठेवले, पावणेदोनशे. दोनशेला किती कमी? पंचवीस, म्हणजे शंभराचा पाव. 'पावणे'तला पाव इथे मुलाला डोळ्यांनी दिसतो.

आजोबा 'सोळा आणे खरं' म्हणतात तेही मग उलगडते. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पावली म्हणजे चार आणे, म्हणजे पुढे पंचवीस पैसे. पंचवीस पैशांचे आणि त्याखालचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले. पन्नास पैशांचे नाणे अजून कायद्याने चालते, पण दुकानात दिले तर दुकानदार हसतो. भाषेत पावली राहिली, गल्ल्यात नाही.

भाषांची देवघेव किती जुनी आहे, यासाठी आणखी एक शब्द सांगण्यासारखा आहे. शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या नाण्याला 'होन' म्हणतात, हे इतिहासाच्या पुस्तकात मुले वाचतात. तो शब्द कन्नड 'होन्नु'वरून आलेला आहे आणि होन्नु म्हणजे सोने. नाण्यावरची अक्षरे मात्र देवनागरी, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. उलट आपल्या भागातला कन्नड माणूस पैशाला 'रोक्का' म्हणतो, तो आपल्या 'रोख'चा सख्खा भाऊ. आणि 'चिल्लर' दोन्हीकडे चिल्लरच.

हे सगळे घरात झाले. पैशाने काय मिळते हे कळायला मात्र बाहेरच जावे लागते. आपल्याकडच्या प्राथमिक शाळांत 'मेट्रिक मेळा' किंवा मुलांचा बाजार भरतो, कन्नड शाळांत त्यालाच 'मक्कळ संते' म्हणतात. मुले परसातली मेथी, लिंबे, घरचे लाडू आणून मांडतात, वजन करतात, ओरडून गिऱ्हाईक बोलावतात. ज्या शाळेत हा बाजार भरतो तिथे पालकांनी दोन गोष्टी पाळाव्यात. एक, फोन खिशात ठेवून सुट्टे पैसे घेऊन जावे. दोन, मुलाने जादा पैसे परत दिले किंवा कमी दिले तर मध्ये बोलू नये. लिंबांचा हिशेब दहा रुपयांनी चुकला तर ती शिकवणी स्वस्तच पडली. पन्नास रुपयांची मेथी विकून आलेले मूल दुसऱ्या दिवशी चिप्सच्या पाकिटाकडे वेगळ्या नजरेने बघते. किती पेंढ्या विकल्यावर ते पाकीट येते, हे त्याला आता माहीत असते.

शाळेत बाजार भरत नसेल तर घरचा बाजार आहेच. आठवड्यातून एकदा मुलाला शंभर रुपये रोख द्या आणि तीन वस्तू सांगा, कागदावर न लिहिता. कोथिंबीर, अर्धा किलो कांदा, एक साबण. भाव त्यानेच विचारावा, मराठीत किंवा 'एष्टु?' म्हणून कन्नडमध्ये. परत आलेले पैसे दुकानातच मोजावेत, घरी येऊन नाही. हिशेब तोंडी द्यावा आणि आकडे मराठीत म्हणावेत. पहिल्या दोन-तीन वेळा साबण विसरेल. खेळण्यातल्या 'चिल्ड्रन बँक'च्या नोटांनी हे होत नाही, कारण त्या हरवल्या तरी काही जात नाही. तशा नोटांचा भरवसा मोठ्यांनीही धरू नये म्हणा, २०१७ मध्ये दिल्लीत एका एटीएममधूनच त्या बाहेर आल्या होत्या.

दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवता येते, रिझर्व्ह बँकेची तशी मुभा आहे. किती रकमेपर्यंत ते प्रत्येक बँक ठरवते. पासबुकात नोंद करून घ्यायला मुलाला सोबत न्या आणि स्लिप त्यालाच भरू द्या. स्लिपवर रक्कम अक्षरी लिहायची जागा असते. तिथे 'पाचशे पंच्याहत्तर फक्त' असे मराठीत लिहायला सांगा. लिहिताना ते विचारील, पंच्याहत्तरला 'च्या' कसा काढायचा.