कात्सुबुशिमान
कात्सुबुशिमान : ‘सोरे इके! आन्पानमान’ या जपानी बालमालिकेतील भटका सामुराई. यानासे ताकाशी (१९१९–२०१३) या चित्रकार-लेखकाच्या चित्रपुस्तकांवर आधारलेली ही ॲनिमेशन मालिका ३ ऑक्टोबर १९८८ रोजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तीतील पुष्कळशी पात्रे खाद्यपदार्थांची आहेत. २००९ मध्ये एकूण १,७६८ पात्रांची गिनेस विक्रम म्हणून नोंद झाली. नायक आन्पानमान याचे डोके म्हणजे आझुकी या तांबड्या कडधान्याचे गोड पुरण भरलेला पाव होय.

कात्सुबुशिमानचे डोके कात्सुओबुशीचे आहे. कात्सुओ या कुप्याच्या गटातील माशाचे तुकडे उकळून, काटे काढून, लाकडाच्या धुरावर पुनःपुन्हा सुकवतात. उत्तम प्रतीच्या मालावर मुद्दाम बुरशी चढवून तो उन्हात वाळवतात. ही क्रिया कित्येक महिने चालते व अखेरीस तुकडा लाकडासारखा कठीण होऊन रंध्यावर किसावा लागतो. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरचा ‘मासमीन’ हा त्याचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. या किसापासून ‘दाशी’ हे जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले सार काढतात.

अशा पदार्थाच्या हाती तलवार का, याचे उत्तर भाषेत सापडते. जपानीत ‘बुशि’ म्हणजे योद्धा आणि ‘कात्सु’ म्हणजे जिंकणे. या श्लेषामुळे ‘विजयी पुरुष, योद्धा’ अशा अर्थाच्या चिन्हांनी हे नाव लिहिण्याची प्रथा पडली व हा पदार्थ विवाहादी शुभप्रसंगी भेट देण्याजोगा ठरला. पात्राची भटकंती मात्र शस्त्रविद्या पारखण्यासाठी देशभर हिंडणाऱ्या योद्ध्यांच्या ‘मुशा शुग्यो’ या जुन्या परंपरेतील आहे. मालिकेतील ओमुसुबिमान हाही वाटसरूच, पण सामुराई नव्हे. भाताच्या मुटक्याचे डोके, रुंद गवती टोप व प्रवासी झूल असा त्याचा थाट लोकप्रिय चित्रपटांतील भटक्या जुगाऱ्याचा आहे. शिदोरीच जणू प्रवासाला निघालेली.

वीरांना अन्नाचे रूप देण्यामागे यानासे यांचा युद्धानुभव आहे. १९४१ मध्ये त्यांना सैन्यात जावे लागले. चीनमध्ये त्यांनी उपासमार सोसली. धाकटा भाऊ युद्धात मरण पावला. १९४५ च्या पराभवानंतर कालचा न्याय्य पक्ष अन्यायी ठरलेला त्यांनी पाहिला. न्यायाची बाजू उलटू शकते, भुकेल्याला अन्न देणे मात्र कोणत्याही पक्षात योग्यच असते, असे त्यांचे मत बनले. १९७३ च्या चित्रपुस्तकात आन्पानमान आपले डोकेच भुकेल्याला खाऊ घालतो. मोठ्यांना हे क्रूर वाटले. मुलांनी पुस्तक उचलून धरले.

सामुराईपटांतील भटका वीर गुंडांना कापून काढतो व गाव सोडून निघून जातो. यानासे यांच्या जगात कात्सुबुशिमानला ती मुभा नाही. येथील शत्रू बाइकिनमान हा जंतू आहे. तो ठोसा खाऊन दूर आकाशात भिरकावला जातो, पण मरत नाही, आणि पुढच्या भागात पुन्हा हजर होतो. पाव आंबवायलाही सूक्ष्मजीवच लागतात, हे यानासे विसरले नव्हते.