पाच रुपयांत कोरी पाटी

मोटार वाहन कायद्याचे २४ वे कलम सहसा कुणी वाचत नाही. वाहन चालवताना गुन्हा केला आणि न्यायालयाने चालकाला अपात्र ठरवले, तर त्याची नोंद परवान्यावर करावी, असे ते सांगते. पूर्वी परवाना पुस्तकासारखा असे आणि अशा नोंदीसाठी त्यात जागा राखलेली असे. १९८८ च्या या कायद्यात पुढे एक सवलतही आहे. सलग तीन वर्षे नवी नोंद झाली नाही, तर जुना परवाना जमा करायचा, पाच रुपये शुल्क भरायचे आणि नोंदविरहित नवा परवाना घ्यायचा. दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंदसुद्धा अशी पुसली जाते.

मला या सवलतीबद्दल तक्रार नाही. माणसाला शिक्षा भोगून मोकळे होता आले पाहिजे. माझे कुतूहल त्या मधल्या तीन वर्षांबद्दल आहे. विमा कंपनीच्या मोटार दावे विभागात तीसेक वर्षे काढल्यामुळे असेल, पण दारूच्या नशेत गाडी चालवणाऱ्याची बातमी वाचली की मला प्रश्न पडतो, या माणसाचा पुढच्या वर्षीचा हप्ता किती? आपल्याकडे उत्तर असे आहे की मागच्या वर्षीइतकाच, किंवा थोडा कमी.

आधी शिक्षेचे पाहू. कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला की गुन्हा होतो. (आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदाही आहे आणि त्यातला आकडा वेगळा आहे. शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. पिण्याला एक माप आणि चालवण्याला दुसरे.) हा गुन्हा रस्त्यावर तडजोड शुल्क भरून मिटत नाही, न्यायालयात उभे राहावेच लागते. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याला दंडाची मर्यादा दोन हजार रुपये होती, आता ती दहा हजार आहे. सहा महिन्यांपर्यंतचा कारावास पूर्वीही होता, आजही आहे. दुसऱ्यांदा सापडल्यास पंधरा हजार रुपये आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

परवान्याचे मात्र दोन मालक आहेत. कलम २० म्हणते की १८५ खाली दोषी ठरलेल्या चालकाला न्यायालयाने किमान सहा महिने अपात्र ठरवावे. कलम २०६ मधली नवी तरतूद म्हणते की पोलिसांनी परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवावा, आणि कलम १९ नुसार आरटीओने चालकाचे म्हणणे ऐकून पहिल्या खेपेला तीन महिने अपात्र ठरवावे, दुसऱ्या खेपेला परवाना रद्दच करावा. म्हणजे एका घोटाची चौकशी दोन कचेऱ्यांत होते आणि दोघींच्या मुदती जुळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना किमान तीन महिने निलंबनाची ताकीद दिली, त्यानंतर या यंत्रणेला थोडी गती आली. निलंबित चालकाने परवाना परत मिळण्याआधी उजळणी प्रशिक्षण घ्यावे, अशीही तरतूद आता आहे.

एवढे झाले की मुदत संपते आणि परवाना परत येतो. या सगळ्यात विमा कंपनीचे नावही निघत नाही.

निघायला कारणच नाही. आपल्याकडच्या मोटार विम्याचे दोन भाग असतात. पहिला सक्तीचा, तिऱ्हाइताच्या नुकसानभरपाईचा, ज्याला सगळे थर्ड पार्टी म्हणतात. त्याचा दर सरकार ठरवते आणि तो इंजिनाच्या आकारावर अवलंबून असतो. जून २०२२ पासून हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, दीड हजारपर्यंत ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७. चालक वारकरी आहे की रोज रात्री बारमधून निघणारा, हे त्या तक्त्यात कुठे लिहिलेले नसते. दुसरा भाग आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. त्यात दावा न केल्याबद्दल सूट मिळते, पहिल्या वर्षी २० टक्के आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत. पण ही सूट दाव्याशी बांधलेली आहे, वागणुकीशी नाही. नाकाबंदीत सापडलेल्या, शिक्षा झालेल्या पण कुठे न धडकलेल्या माणसाची ५० टक्के सूट शाबूत राहते.

विमा कंपनीला दारू आठवते ती अपघात झाल्यावर. तिथे मात्र तिची स्मरणशक्ती तल्लख असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात एक अपवाद छापलेला असतो: विमेदार, किंवा त्याच्या माहितीने व संमतीने गाडी चालवणारा कुणीही, नशेच्या अमलाखाली असेल तर भरपाई नाही. ‘संमतीने चालवणारा’ हे शब्द लोक वाचत नाहीत. लग्नाहून परतताना मित्राच्या हाती किल्ली दिली आणि मित्र प्यायलेला असला, तर दावा मालकाचाच बुडतो. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्यालाही नशेचा असाच अपवाद आहे.

या अपवादाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२१ रोजी एका निकालात सविस्तर लावला. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे मोटार पदपथाला धडकून उलटली आणि पेटली. गाडी एका पेयनिर्मिती कंपनीच्या मालकीची होती. श्वासचाचणी किंवा रक्ततपासणीचा आकडा पुराव्यात नव्हता, म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कौल कंपनीच्या बाजूने दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ३० मिलिग्रॅमचा आकडा फौजदारी गुन्ह्यासाठी आहे; विम्याच्या करारात ‘अमलाखाली’ हा शब्द आहे आणि तो इतर पुराव्यांनी, परिस्थितीनेही सिद्ध होऊ शकतो, असे न्यायमूर्तींनी म्हटले. दावे विभागात बसलेल्या माणसाला हा निकाल सोयीचा वाटेल. मला तो बरोबरही वाटतो. पैसेवाल्याची जळालेली गाडी इतरांच्या हप्त्यातून का भरून द्यायची?

खरा पेच मरणाऱ्याचा आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली, सात जण गेले. सत्र न्यायालयाने चालकाला सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांची केली, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. आपण चर्चा केली ती या शिक्षेची. पण पदपथावर झोपणाऱ्याने कुठला करार केलेला नसतो, पॉलिसीतला अपवाद त्याने वाचलेला नसतो आणि चालकाच्या रक्तात काय होते याच्याशी त्याच्या मुलाबाळांचा संबंध नसतो. सक्तीचा विमा जन्मला तोच यांच्यासाठी. इंग्लंडात १९३० च्या कायद्याने तो आला, आपल्याकडे १ जुलै १९४६ पासून.

म्हणून न्यायालयांनी एक वाट काढली. कंपनीने आधी द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे. चालकाच्या परवान्यात दोष असेल तेव्हा काय करायचे, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वरनसिंग खटल्यात ही रीत सविस्तर मांडली. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तीच दारूच्या प्रकरणात लावली: चालक नशेत होता म्हणून जखमीची भरपाई अडवता येणार नाही, कंपनीने ती भरून नंतर वसूल करावी. मात्र दरम्यान कायदाच बदलला आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १५० मध्ये, विमा कंपनी न्यायाधिकरणापुढे कोणते बचाव घेऊ शकते त्या यादीत, दारूच्या अमलाखाली वाहन चालवणे हे शब्द नव्याने घातले गेले. पूर्वी ते त्या यादीत नव्हते. चार-पाच शब्दांची ही भर मला फार अस्वस्थ करते. तिचा अर्थ ताणून लावला, तर प्यायलेल्या माणसाला शिक्षा म्हणून त्याने मारलेल्या माणसाच्या विधवेचा दावा अडेल. वसुलीचा हुकूमनामा कंपनीच्या हाती असला तर ती वर्षानुवर्षे मालकाच्या मागे लागू शकते, तिच्याकडे वकील आहेत. त्या बाईकडे नाहीत.

अमेरिकेत हीच गोष्ट उलट्या बाजूने रचलेली आहे. कॅलिफोर्नियाचे उदाहरण घेतो, कारण तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींमुळे तिथले कागद माझ्यापर्यंत पोहोचतात. रक्तात ०.०८ टक्के मद्यार्क ही तिथली मर्यादा, आपल्यापेक्षा बरीच सैल. पण पकडल्यावर पोलीस परवाना तिथेच काढून घेतात आणि तीस दिवस चालणारा तात्पुरता कागद हाती देतात. मोटार वाहन खात्याकडे सुनावणी मागायला फक्त दहा दिवस असतात. फौजदारी खटला वेगळा चालतो, खात्याचे निलंबन वेगळे. पहिल्या वेळी खात्याचे चार महिने. मुदत संपली म्हणून परवाना आपोआप जिवंत होत नाही. मद्यपी चालकांसाठीचा अभ्यासक्रम पुरा करायचा, शुल्क भरायचे आणि शेवटी एसआर-२२ दाखल करायचा.

एसआर-२२ ला लोक विमा म्हणतात, पण तो विमा नाही. तो विमा कंपनीने राज्याला दिलेला दाखला आहे: या माणसाची पॉलिसी चालू आहे आणि ती बंद पडली तर आम्ही तुम्हाला कळवू. कॅलिफोर्नियात तो तीन वर्षे चालू ठेवावा लागतो. एक हप्ता चुकला, पॉलिसी खंडित झाली, की कंपनी एसआर-२६ नावाचा दुसरा कागद राज्याला पाठवते आणि परवाना पुन्हा निलंबित होतो. गाडी विकून टाकली तरी सुटका नाही, गाडी नसलेल्यांसाठीची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. दाखल्याचा खर्च किरकोळ असतो, खरा भार हप्त्याचा. १९८८ मध्ये तिथल्या मतदारांनी मंजूर केलेल्या एका प्रस्तावामुळे चांगल्या चालकांना किमान २० टक्के सूट द्यावी लागते, आणि दारूच्या शिक्षेनंतर ती दहा वर्षे मिळत नाही. फ्लोरिडात याहून कडक एफआर-४४ आहे, त्यात जखमी झालेल्या एका माणसासाठी किमान एक लाख डॉलरचे संरक्षण घ्यावे लागते. न्यू हॅम्पशायरमध्ये तर एरवी विम्याची सक्तीच नाही, पण दारू पिऊन पकडला गेलात तर दाखला द्यावाच लागतो.

(व्हिसावर राहणाऱ्यांचे आणखी एक संकट असते. २०१५ पासून परराष्ट्र खाते केवळ अटक झाली तरी, दोष सिद्ध होण्याआधीच, व्हिसा रद्द करू शकते. देशात राहता येते, पण एकदा बाहेर पडले की नव्याने व्हिसा घ्यावा लागतो. आईच्या आजारपणात मुलगा पुण्याला का आला नाही, याचे कारण कधी कधी हे असते, आणि ते घरात कुणी बोलत नाही.)

या पद्धतीच्या प्रेमात पडण्याआधी दुसरा तक्ताही पाहावा. कॅलिफोर्नियात सक्तीच्या विम्याची किमान मर्यादा २०२४ अखेरपर्यंत एका माणसाच्या मृत्यूला किंवा दुखापतीला पंधरा हजार डॉलर होती. २०२५ पासून ती तीस हजार झाली. अमेरिकेतल्या इस्पितळात ही रक्कम किती दिवस पुरेल? आपल्याकडे मृत्यूच्या किंवा दुखापतीच्या भरपाईला विम्यात अशी मर्यादा नाही. न्यायाधिकरण वय, मिळकत आणि अवलंबून असलेली माणसे पाहून जी रक्कम ठरवेल ती. म्हणजे ते राज्य पिणाऱ्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवते आणि चिरडलेल्याला मोजून देते. आपण चिरडलेल्याला सढळ हाताने देतो, निदान कागदावर, आणि पिणाऱ्याकडे पाहतच नाही. शिवाय महागडा हप्ता गरिबाला जास्त लागतो. तो न परवडल्यामुळे विम्याशिवाय गाडी चालवणारे तिकडेही आहेतच.

मला यातली निवड अवघड वाटत नाही. दारूची किंमत अपघाताआधी हप्त्यात घ्यावी, अपघातानंतर दाव्यात नको. कलम १५० मधली भर काढून टाकावी आणि तिची जागा दरपत्रकात शोधावी. हे स्वप्नरंजन नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने २०२१ च्या जानेवारीत नेमके हेच सुचवले होते. वाहतूक नियमभंगाचा स्वतंत्र हप्ता असावा, प्रत्येक गुन्ह्याला गुण असावेत, दारू पिऊन चालवण्याला १०० आणि चुकीच्या पार्किंगला १०. पण त्यांनी गुण गाडीला जोडायचे सुचवले, माणसाला नाही. एसआर-२२ माणसाच्या मागे जातो. इथे गाडी बदलली की गुण मागेच राहतील.

आमच्या काळी मोटार विम्याच्या प्रस्ताव अर्जात चालकाविषयी चार ओळी असत. त्याची दृष्टी अधू आहे का, ऐकू येते का, पूर्वी अपघातासाठी दोषी ठरला आहे का. बहुतेकजण सरळ ‘नाही’ लिहीत, काही एजंट तर ग्राहकाला न विचारताच लिहीत. तरी प्रश्न छापलेला असे. गेल्या महिन्यात मी माझ्या गाडीचा विमा फोनवरून नूतनीकरण केला. तीन-चार मिनिटे लागली असतील. गाडीचा नंबर विचारला, गेल्या वर्षी दावा केला होता का ते विचारले. परवान्याबद्दल काहीच विचारले नाही.