टेलर मीड : भूमिगत चित्रपटाचा विदूषक

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ग्रोस पॉइंट या सधन वस्तीत १९२४ च्या अखेरच्या दिवशी जन्मलेला आणि शेअरदलालीच्या पेढीतील नोकरीवर पाणी सोडून काव्य व भटकंती यांच्या नादी लागलेला टेलर मीड नट म्हणून प्रथम गाजला तो ‘द फ्लॉवर थीफ’ (१९६०) या चित्रपटामुळे. सैन्याच्या शिलकी मालातील फीत वापरून रॉन राइसने सॅन फ्रान्सिस्कोत घेतलेल्या या चित्रपटात, खेळण्यातले भलेमोठे अस्वल बगलेत मारून रस्तोरस्ती हिंडणारा त्याचा निरागस खुळा पाहताना मूकपटांच्या जमान्याचे सहज स्मरण होते. अभिनयशाळेत असे काही शिकवीत असतील, असे निदान प्रस्तुत लेखकास वाटत नाही. १९६३ मध्ये कवी फ्रँक ओहारा याच्या नाटकातील भूमिकेबद्दल त्याला ओबी पारितोषिक लाभले. त्याच वर्षी चित्रकार अँडी वॉरहॉलसमवेत मोटारीने कॅलिफोर्निया गाठून तो वॉरहॉलच्या चित्रपटात चक्क टारझन झाला! द्रव्यप्राप्ती मात्र बेताचीच. न्यूयॉर्कच्या लडलो स्ट्रीटवरील जीर्ण बिऱ्हाडातून रात्री बाहेर पडून बेवारस मांजरांना खाऊ घालणे, हा त्याचा शिरस्ता होता. जिम जार्मुशच्या ‘कॉफी अँड सिगारेट्स’ (२००३) या चित्रपटाच्या अखेरीस कागदी पेल्यातील कॉफीलाच शॅम्पेन मानणारा वृद्ध तो हाच. २०१३ च्या मे महिन्यात तो निवर्तला.