ब्रेक नसलेली सायकल

आमच्या झाडीपट्टीत मुलीची सायकल म्हणजे शाळेची सायकल. मूल-सावली-गडचिरोली रस्त्याने सकाळी मुलींचे घोळके जाताना मी नेहमी पाहतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्या आणि चार-पाच किलोमीटरवरची शाळा आवाक्यात आली. वाघाच्या भीतीने एकटी कुणी जात नाही.

शेजारच्या भंडारा जिल्ह्यातली मयूरी लुटे मात्र सायकलवरून थेट भारतीय संघात पोहोचली. २०२२ साली दिल्लीच्या आशियाई ट्रॅक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटमध्ये भारतीय मुलींनी ब्राँझपदक मिळवले, त्या संघात ती होती. त्याच वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेतही ती उतरली. तिघींची ही शर्यत अवघी ७५० मीटरची. २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकवर दर फेरीअखेर पुढची बाजूला होते आणि वारा कापायचे काम मागचीवर येते. सायकलला ब्रेक नाही. चाक फिरते तोवर पाय फिरलेच पाहिजेत.

इंग्लंडच्या शनाझ रीडने २००७ आणि २००८ साली बीएमएक्स आणि ट्रॅकची सांघिक स्प्रिंट, दोन्हींत विश्वविजेतेपद मिळवले. सुरुवातीच्या झटक्याची ताकद दोन्हीकडे लागते.

ती ताकद आमच्या पोरींतही असेल. पण बारावी झाली की सायकल धाकट्या भावाकडे आणि पोरगी धानाच्या बांधीत. शाळेने वर्षातून एकदा घड्याळ लावून मुलींची शर्यत घ्यावी. निदान कोण वेगवान आहे, हे तरी कळेल.