ॲपमुळे मुलं वाचायला लागली? पण कशाच्या तुलनेत?

समजा, तुमच्या सिनॉप्सिसचा विषय आहे 'इयत्ता दुसरीच्या विद्यार्थ्यांच्या वाचनकौशल्यावर वाचन-ॲपचा होणारा परिणाम'. तुम्ही एक शाळा निवडली. जूनमध्ये पूर्वचाचणी घेतली, आठ महिने टॅबवर ॲप वापरलं, फेब्रुवारीत उत्तरचाचणी घेतली. सरासरी गुण वाढले आणि टी-मूल्यही सार्थक आलं. मग निष्कर्ष काय? ॲप परिणामकारक आहे!

थांबा. दुसरीतलं मूल आठ महिन्यांत तसंही पुढे जातंच. वर्गात बाई शिकवत असतात, घरी कुणीतरी अभ्यास घेतं, मुलाचं वयही वाढतं. दोन चाचण्यांमधला फरक हा या सगळ्याचा मिळून असतो. त्यात ॲपचा वाटा किती, हे ते टी-मूल्य सांगत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, "मग नियंत्रित गट घेऊ की." जरूर घ्या. पण त्या गटाला काय मिळणार आहे, हे ठरवल्याशिवाय तुलनेला अर्थ येत नाही.

केनियातला एक अभ्यास इथे फार उपयोगी आहे. बेंजामिन पायपर आणि सहकाऱ्यांनी तो २०१६ मध्ये प्रकाशित केला. तिथे प्राथमिक वाचन-गणिताचा एक कार्यक्रम चालू होता. त्यात मुलांना पुस्तकं, शिक्षकांना पाठांची मार्गदर्शिका आणि प्रशिक्षण, शिवाय वर्गात येऊन मदत करणारे मार्गदर्शक, असं सगळं होतं. त्याला तंत्रज्ञानाची जोड तीन प्रकारे देऊन पाहिली: मार्गदर्शकांना टॅब, शिक्षकांना टॅब आणि मुलांना ई-रीडर. नेहमीच्या शाळांशी तुलना केली तर मुलांची प्रगती दिसली. पण उपकरणं नसलेल्या मूळ कार्यक्रमाशी तुलना केल्यावर वर्गातल्या उपकरणांमुळे वाचनात लक्षणीय जास्त भर पडलेली दिसली नाही. खर्च मात्र वाढला.

म्हणजे आकडे तेच, पण पहिल्या तुलनेतून 'ई-रीडर वाटा' असा सल्ला निघाला असता आणि दुसरीतून 'आधी पुस्तकं आणि प्रशिक्षण द्या' असा निघतो. शाळेच्या पैशांचं काय होणार, हे तुमच्या नियंत्रित गटावर ठरतं ते असं.

दुसरा मुद्दा म्हणजे ॲप एकटं काम करत नाही. फिनलंडमध्ये तयार झालेला 'ग्राफोगेम' हा अक्षर-ध्वनी शिकवणारा खेळ अनेक देशांत तपासला गेला आहे. २०२० मध्ये प्रकाशित झालेल्या एका आढाव्यात या अभ्यासांचे निकाल एकत्र केले, तेव्हा शब्दवाचनावर सरासरी परिणाम जवळपास शून्य आला. पण जिथे मोठ्या माणसाचा सहभाग जास्त होता, तिथे परिणाम चांगला होता. म्हणून तुमच्या नोंदवहीत फक्त 'ॲप वापरलं' असं नको. रोज किती मिनिटं, शेजारी कोण होतं, आणि ती मिनिटं कुठल्या तासातून काढली, हेही लिहा. भाषेच्या तासातली तीस मिनिटं टॅबला दिली, तर बाईंच्या शिकवण्यातली तीस मिनिटं गेली.

तिसरा मुद्दा मोजमापाचा. ॲपमधलेच गुण पुरावा म्हणून घेऊ नका. चार पर्यायांतून 'कि' ओळखायचा असेल, तर वीसपैकी पाच उत्तरं नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात. मुलासमोर छापील कागद ठेवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. 'असर'च्या चाचणीत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या आहेत. ती सोपी आणि पटकन होणारी आहे. पण पायऱ्या मोजक्याच असल्यामुळे छोटी प्रगती त्यात निसटते. म्हणून एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले, हेही मोजा. काना-मात्रेचे शब्द आणि जोडाक्षरांचे शब्द वेगळे नोंदवा.

शेवटचा मुद्दा संख्येचा. दहा शाळांतली प्रत्येकी तीस मुलं म्हणजे तीनशेचा नमुना, असं वाटतं ना? पण ॲप कुठल्या शाळेत द्यायचं हे शाळेनुसार ठरवलं असेल, तर एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, हे गणितात धरावं लागतं. शाळांतर्गत सहसंबंध ०.२ धरला, तर १ + (२९ × ०.२) म्हणजे ६.८ येतात. तीनशेला ६.८ ने भागा. हातात उरतात साधारण ४४ मुलांइतकी माहिती. म्हणून एका शाळेत जास्त मुलं घेण्यापेक्षा जास्त शाळा घ्या.

गाईडकडे जाण्याआधी एवढं एक वाक्य पूर्ण करून बघा: "मी ___ मिनिटांच्या ॲप-वापराची तुलना त्याच वेळात होणाऱ्या ___ शी करणार आहे, आणि वाचन ___ ने मोजणार आहे." तिन्ही रिकाम्या जागा नेमक्या भरता आल्या, तर तुमच्या प्रस्तावाचा कणा तयार झाला. मधली जागा अडली, तर टॅब जमवायच्या मागे लागू नका. आधी त्या शाळेत आठवडाभर बसा आणि आज तिथे वाचन कसं शिकवलं जातं, ते बघा.